चिलयाची कथा आणि घरातली लहान मुलं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रावण तोंडावर आला आहे. दरवर्षीप्रमाणे सोमवारी आपापल्या घरी शिवलीलामृताचं वाचन होईल. यंदा त्याआधीच इंदूरच्या कुटुंब-ग्रुपवर एक प्रश्न आला. एका गुरुभगिनीने लिहिलं, की गेल्या श्रावणात चौदाव्या अध्यायाला तिचा सहा वर्षांचा मुलगा शेजारी बसला होता. श्रियाळ-चांगुणेची कथा त्याने ऐकली आणि पुढच्या चार रात्री तो आईला घट्ट धरून झोपला, दिवा मालवू देईना. म्हणून तिची विनंती अशी, की ज्या घरी लहान मुलं आहेत तिथे एवढा भाग वगळायला परवानगी असावी.

तिच्या संदेशाखाली बरेच अंगठे उमटले. बेळगावच्या एका आजोबांनी मात्र तत्काळ लिहिलं, "आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. आम्हाला काय झालं?" त्यालाही अंगठे उमटले. (त्यातले काही अंगठे दोन्हीकडे त्याच माणसांचे होते, असो.)

आजोबांचं उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. आपण सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं, हे काही कारण झालं नाही. पण वगळण्याचा मार्गही आम्हाला पटत नाही. का पटत नाही, ते आज थोडं सविस्तर लिहितो. लांबलं तर क्षमा असावी. रात्री मुलं झोपल्यावर वाचा.

आधी कथा पुन्हा आठवू. श्रीधरस्वामींनी शके १६४०, म्हणजे इसवी सन १७१८ मध्ये, बारामतीला शिवलीलामृत पूर्ण केलं. त्यातल्या चौदाव्या अध्यायात ही कथा येते. श्रियाळ राजा अन्नदानाचा मोठा व्रती, दारी आलेला अतिथी विन्मुख जायचा नाही. शंकर किळसवाण्या गोसाव्याच्या रूपात येतो आणि नरमांस मागतो. राजा म्हणतो माझं घ्या, राणी म्हणते माझं घ्या. तो म्हणतो, तुमचं नको, तुमच्या चिलयाचं हवं. आईबाप पोटच्या पोराला मारतात. चांगुणा त्याचं शिर तेवढं मागे ठेवते, नंतर डोळे भरून पाहता यावं म्हणून. अतिथीला तेही कळतं. ते शिर उखळात घालून कांड, तोंडाने गाणं म्हण आणि डोळ्यांत टिपूस आणू नकोस, असं तो सांगतो. आणि एवढं सगळं झाल्यावर पानावर बसून म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. चांगुणेचा धीर सुटतो तो इथे. मग तो म्हणतो, पोराला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

ही कथा एकट्या मराठीची नाही. तमिळमध्ये बाराव्या शतकातल्या सेक्किळारांच्या पेरिय पुराणात ती सिरुत्तोंडर नायनार आणि त्यांचा मुलगा सीराळन यांच्या नावाने आहे. आपल्या हैदराबादच्या मंडळींना ती तेलुगूत श्रीनाथ कवीच्या हरविलासात भेटेल, आणि बेळगाव-धारवाडकडे कन्नड घरांत सिरियाळ हे नाव ओळखीचं आहे. आठ-नऊशे वर्षं इतक्या भाषांतल्या आया-आज्यांनी ती सांभाळली. तीत नुसता क्रूरपणा असता तर ती त्यांनी एवढी सांभाळली नसती. पोर गमावण्याची भीती त्यांच्या घरात रोजचीच होती. देवी यायची, पटकी यायची, बाळंतघरातून आई किंवा मूल परत येईल याची खात्री नसायची. कांडता कांडता त्या चांगुणेचं गाणं म्हणत तेव्हा त्यातला किती भाग चांगुणेचा आणि किती स्वतःचा, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

आता भयानक तेवढं वगळायचं म्हटलं तर कुठवर वगळणार? गोकुळाष्टमीला आपण पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. पण हा आठवा. आधीच्या सहा बाळांना कंसाने शिळेवर आपटलं, ते सांगितल्याशिवाय त्या रात्री वसुदेव भर पावसात टोपली घेऊन का निघाला ते मुलाला कळणार कसं? प्रल्हादाला कड्यावरून ढकलणारा त्याचा बापच आहे. नागपंचमीची कहाणी घ्या. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मरतात आणि ती एका रात्रीत त्याचं अख्खं घर डसते. पिठोरीच्या कहाणीतली सून तर मेलेलं मूल घेऊन रानात हिंडते. हे सगळं काढून टाकलं की गुटगुटीत गालांचे, सदा हसणारे कार्टूनमधले देव उरतात. मुलांना ते आवडतात, आमचीही तक्रार नाही. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या मुलाला त्या देवाचा काय उपयोग, हा विचार ज्याने त्याने करावा.

कारण मुलाला भीती आपण गोष्टीतून देतो, हीच समजूत मुळात खरी नाही. भीती त्याच्याजवळ आधीच असते. पलीकडच्या खोलीत आईबाबा दबक्या आवाजात भांडतात ते त्याला ऐकू येतं. बाबांची नोकरी गेलेली असते, शेजारचे काका परवा तिरडीवरून गेलेले त्याने गॅलरीतून पाहिलेले असतात. त्याला या भीतीचं नाव माहीत नसतं, आणि घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नाही म्हणून ती बोलण्यासारखी गोष्ट नाही असं तो धरून चालतो. गोष्टीत तीच भीती राक्षस होऊन, यम होऊन, सावत्र आई होऊन समोर येते. तिला तोंड असतं, नाव असतं, आणि मुख्य म्हणजे ती सांगणारी आजी शेजारी बसलेली असते. इंदूरचा तो मुलगा चार रात्री आईला बिलगून झोपला यात आम्हाला अघटित काही दिसत नाही. त्याला बिलगायला आई होती आणि तिने त्याला दूर केलं नाही. पाचव्या रात्री तो आपला आपण झोपला, हेही तिनेच लिहिलं आहे.

मात्र एक फरक आपण सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. भीतीची गोष्ट सांगणं वेगळं आणि भीती दाखवणं वेगळं. जेवत नाहीस तर बागुलबुवा येईल, पोलीस घेऊन जातील, खोटं बोललास तर देवबाप्पा जीभ झडवील, आरतीला उभा नाही राहिलास तर महाराज रागावतील. हे आपल्या घरांतून सर्रास चालतं. चिलयाची कथा नको म्हणणाऱ्या घरांतूनही चालतं, हे आम्ही कानांनी ऐकलं आहे. गोष्टीतला राक्षस शेवटी मरतो. बागुलबुवा कधीच मरत नाही, कारण उद्याच्या जेवणाला तो पुन्हा लागणार असतो. आणि देवाचा बागुलबुवा केला की त्या मुलाने पुढे अडचणीत कुणाला हाक मारायची? आपल्या महाराजांनी बालवर्गात या प्रकाराला पहिल्यापासून बंदी घातली आहे, ती घरातही पाळावी अशी विनंती.

याच्या जवळचीच एक गोष्ट आहे ती नचिकेताची. कठोपनिषद म्हटलं की आपण आत्मज्ञान, श्रेय-प्रेय असं मोठं मोठं बोलू लागतो. मुलाच्या कानाने ऐकलं तर ती एका रागावलेल्या बापाची गोष्ट आहे. बाप यज्ञात सर्वस्व द्यायला निघालाय आणि गाई देतोय त्या म्हाताऱ्या, भाकड. मुलाच्या ते लक्षात येतं. तो विचारतो, मग मला कुणाला देणार? एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. आपल्याकडे "मेल्या", "मुडद्या" म्हणायला कितीसा वेळ लागतो? गर्दीच्या सकाळी डबा भरताना तोंडातून निसटतं. मूल मात्र ते ऐकतं, आणि काही मुलं ते खरं धरतात. नचिकेताने खरं धरलं. तो यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता, म्हणून तीन रात्री उपाशी उंबऱ्यावर बसून राहिला. यम परत आल्यावर ओशाळला आणि त्याने तीन वर दिले. आत्मज्ञानाचा वर तिसरा. पहिला वर काय मागितला, हे आपल्या पारायण करणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. पहिला वर असा, की माझ्या बापाचा राग शांत व्हावा आणि मी परत जाईन तेव्हा त्याने मला ओळखून जवळ घ्यावं.

मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या पोराच्या मनात सगळ्यात वर हे असतं. ही गोष्ट मुलांना सांगाच, पण सांगणाऱ्याने ती आधी स्वतः ऐकावी. आमच्या एका सत्संगात ती सांगून झाल्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांकडे वळून म्हणाली, "मग बाबा, तो घरी आल्यावर त्याच्या बाबांनी ओळखलं ना?" वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला मांडीवर घेतलं. प्रवचनकाराला त्यापुढे काही सांगायची गरज उरली नाही.

आता पुन्हा चांगुणेकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. या कथेत मुलाला घाबरवणारी गोष्ट रक्त नाही. मुलं रक्त बरंच पाहतात. त्याला घाबरवतं ते हे, की मारणारे आईबाप आहेत, आणि ते देवासाठी मारतात. इंदूरच्या मुलाने आईला चौथ्या रात्री विचारलं होतं, "देवाने मागितलं तर तू मला देशील?" भगिनीने प्रामाणिकपणे लिहिलं आहे, की तिला उत्तर सुचलं नाही. नाही म्हणावं तर भक्ती उणी, हो म्हणावं तर जीभ उचलत नाही.

या प्रश्नाचं उत्तर एकच आहे आणि ते विचार न करता द्यायचं आहे. नाही. कधीच नाही. कुणीही मागितलं तरी नाही. त्यात भक्ती उणी होत नाही. कथेतसुद्धा शंकराला मूल घ्यायचं नव्हतंच, म्हणून तर ते धावत परत आलं. श्रियाळाची कथा माणसाने कित्ता गिरवावा म्हणून सांगितलेली नाही. देवाच्या नावाने जो कुणी मुलाच्या अंगाला, अन्नाला, झोपेला, शाळेला हात घालायला सांगेल तो अतिथी नाही, त्याला पाट मांडायचा नाही. मग तो भगव्यात असो, ओळखीतला असो, आपल्या संप्रदायातला मोठा म्हणवणारा असो. असल्या अघोरी गोष्टी आजही घडतात, म्हणून महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली कायदे करावे लागले. आपण गुरू मानणारी माणसं आहोत, म्हणून ही गोष्ट इतरांपेक्षा आपण जास्त स्पष्ट बोलली पाहिजे. आमचा तर असा अनुभव आहे, की ज्या घरात मूल "मला देशील का" असं मोकळेपणी विचारू शकतं, त्या घरात ते "अमुक काकांनी मला असं केलं" हेही सांगू शकतं. कथा वगळली तर हा प्रश्न विचारायची जागाच जाते.

आणखी एक प्रश्न वडोदऱ्याहून आला आहे, तो याहून अवघड. तिथल्या एका घरात माघात आजी गेल्या. नात पाच वर्षांची. तिला तेव्हा सांगितलं गेलं, की आजी देवाच्या गावाला गेली आहे. मुलीने ते सरळ गावाला जाणं समजून घेतलं. होळीला तिने आजीसाठी पुरणपोळी झाकून ठेवायला लावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या घरी तिने चिलयाची कथा ऐकली, आणि तेव्हापासून ती संध्याकाळी दारात उभी राहून आजीला हाका मारते. कथेत चांगुणेने मोठ्याने हाक मारली म्हणून तो आला, आपण बारीक आवाजात मारतो म्हणून आजी येत नाही, असं तिचं गणित आहे. घरच्यांनी विचारलं आहे, आता काय करावं.

दोष कथेचा नाही. कथेच्या आधी जे सांगितलं गेलं ते अर्धवट होतं. या मुलीला आता स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, की आजीचं शरीर थांबलं, ती मेली, ती परत येणार नाही, आणि तू हाक मोठी मारलीस किंवा लहान मारलीस त्याने काही फरक पडत नाही. "झोपली आहे" म्हणू नये, ते मूल मग झोपायलाच भिईल. "देवाला आवडली म्हणून नेलं" असंही म्हणू नये. मुलीला ती स्वतः देवाची आवडती आहे असं आपणच सांगत आलेलो असतो. ती रडेल. तिच्यासमोर तुम्हीही रडा, आत जाऊन पदराने डोळे पुसू नका. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिलं. त्यात कर्ज आहे, अपमान आहे, धाकटा भाऊ जातो आणि शेवटी आईही जाते. मराठी घरांनी ते मुलांना मांडीवर घेऊन वाचलं. वाचणाऱ्याचा आवाज मध्येच बंद व्हायचा आणि मुलांना कळायचं, मोठी माणसंही रडतात आणि रडून झाल्यावर पुन्हा पान उलटतात.

मग त्या मुलीला एक दुसरी कथा सांगा. भागवताच्या दशम स्कंधातली आहे, आपल्याकडे कीर्तनात फारशी येत नाही. उज्जैनला सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण शिकला आणि गुरुदक्षिणा म्हणून त्याने गुरूंचा समुद्रात गेलेला मुलगा यमाकडून परत आणून दिला. इंदूरकर तिथे सहज जाऊन येतात. पुढे बऱ्याच वर्षांनी देवकीने हे मनात धरून कृष्णाला म्हटलं, गुरूंचा मुलगा आणलास, माझी सहा बाळं कंसाने मारली ती एकदा दाखव. इतकी वर्षं ती बाई आठव्याचं कौतुक करत होती आणि पोटात ते सहा जपून होती. कृष्ण आणि बलराम सुतळात गेले आणि त्या सहा जणांना घेऊन आले. देवकीने त्यांना मांडीवर घेतलं, पाजलं, पुन्हा पुन्हा हुंगलं. आणि मग ते सगळ्यांना नमस्कार करून निघून गेले. देवकीने पाहिलं आणि जाऊ दिलं. प्रत्यक्ष कृष्णाच्या आईजवळसुद्धा ती राहिली नाहीत.

ही कथा मुलीला सांगितली तर ती कदाचित विचारेल, आजी मला भेटायला अशी येईल का? स्वप्नात येते कधी कधी, असं सांगावं. आमच्याही येते, असं सांगावं, कारण ते खरं आहे. होळीची पोळी झाकून ठेवायची तिची पद्धत मोडू नका. फक्त ती कुणासाठी आहे आणि दुसऱ्या दिवशी ती गाईला का देतो, हे तिला सांगा.

तर यंदाच्या श्रावणाची व्यवस्था आम्ही अशी ठरवली आहे. चौदावा अध्याय वाचायचा आहेच, तो वगळायचा नाही. पण आठ वर्षांखालच्या मुलांना ओव्या ऐकवण्याआधी कथा तोंडी सांगावी, आणि ती घरच्याच माणसाने, दिवसाउजेडी. झोपण्याच्या वेळी नको, आणि मोबाईलवरचा व्हिडिओ लावून देऊन तर नकोच. मुलाचा एक प्रश्न त्यालाही विचारता येत नाही. चिलया धावत येईपर्यंत मध्येच उठायचं नाही, फोन आला तरी. मूलच कान झाकून उठून गेलं तर त्याला जाऊ द्यावं, पुढच्या वर्षी बघू. ज्या घरी वर्षाच्या आत कुणी गेलं आहे, तिथे मुलांना ही कथा या वर्षी सांगू नये. त्यांना देवकीची सांगावी. वाचणाऱ्यांनी उखळाचा प्रसंग रंगवून, आवाज काढून सांगायची हौस आवरावी. काही मंडळींना ती फार आहे.

पहिल्या श्रावणी रविवारी सकाळी नऊ वाजता सर्व केंद्रांच्या बालवर्गात नचिकेताची कथा होईल. गोव्याच्या मंडळींनी पावसामुळे ती घरीच घेतली तरी चालेल. मुलांबरोबर आईच येते असा आजवरचा रिवाज आहे. या वेळी वडिलांनी यावं. सतरंजीवर मुलांच्या मागे न बसता शेजारी बसावं. प्रसादाला शिरा आहे.

आपला,
सत्संग सेवा मंडळ